काळ्या पाषाणाखालची हालचाल : महाराष्ट्रातील भूकंप आणि वसतिगृहाची रात्र

गेल्या साठ वर्षांत महाराष्ट्राच्या भूमीवर दोन विध्वंसक भूकंप झाले. पहिला ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर येथे, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. दुसरा ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. भूकंपाला दिवसरात्रीचे भान नसते. दोन्ही धक्के पहाटेच बसावेत हा निव्वळ योगायोग होय. परंतु या योगायोगाचा परिणाम मात्र योगायोगाचा नव्हता. त्या वेळी माणसे गाढ झोपेत होती, अंधार होता, आणि माणूस व आकाश यांच्यामध्ये छप्पर होते. दिवसा भरणाऱ्या शाळेतील मुले अशा वेळी आपापल्या घरी असतात. निवासी शाळेतील मुले आमच्या छपराखाली असतात. म्हणूनच भूपट्टांचा हा पाठ, जो एरवी भूगोलाच्या पुस्तकात दहा गुणांसाठी वाचला जातो, तो या स्मरणिकेत थोडा निराळ्या दृष्टीने मांडावा असे आम्हांस वाटले.

प्रारंभ आपल्या पायाखालच्या जमिनीपासून करू. शिर्डी व राहाता परिसरात विहीर खणली जात असताना जो काठावर उभा राहिला असेल, त्याने भूगर्भशास्त्राचे एक पान उघडलेले पाहिले आहे. वर काळी माती. उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात फुगणारी. तिच्याखाली मुरूम. मग कठीण काळा पाषाण, त्याखाली पोकळ्यांनी भरलेला, पांढऱ्या स्फटिकांचे ठिपके असलेला मांजऱ्या दगड, कधी एखादा विटकरी लाल थर, आणि पुन्हा काळा पाषाण. हे थर कोणी नदीने आणून टाकलेले नाहीत. प्रत्येक थर म्हणजे एकेकाळी वाहत आलेला आणि थिजून गेलेला लाव्हारस आहे. प्रवाहाचा मधला भाग सावकाश निवाला म्हणून तो घट्ट व कठीण झाला. वरच्या भागातून वायूचे बुडबुडे निसटताना पोकळ्या राहिल्या, आणि पुढे पाण्याने त्यांत स्फटिक भरले. दोन उद्रेकांच्या मध्ये पुरेसा काळ गेला असेल तर जुन्या थराच्या माथ्याची माती झाली, आणि नव्या लाव्हारसाने ती भाजून काढली. तो लाल थर बहुतेक असा तयार झालेला असतो.

हा सारा प्रकार सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्या काळी येथे शंकूच्या आकाराचा, शिखरातून धूर ओकणारा पर्वत होता असे चित्र मुले काढतात. ते तितकेसे खरे नाही. लाव्हारस मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून उसळला आणि पुरासारखा पसरला. थरावर थर साचले. आज या खडकाने पाच लाख चौरस किलोमीटर इतका प्रदेश व्यापलेला आहे. पश्चिमेकडे त्याची जाडी फार मोठी, पूर्वेकडे ती कमी होत जाते. आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या सीमेवर उभे असलेले कळसूबाई, १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर याच थरांचे बनलेले आहे. डोंगराच्या कडेवर जे पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात, त्यांवरूनच या खडकाला ‘ट्रॅप’ हे नाव पडले; स्वीडिश भाषेत त्याचा अर्थ जिना. पारनेर तालुक्यात निघोज येथे कुकडी नदीने पात्रात कोरलेले रांजणखळगे सहलीच्या निमित्ताने अनेकांनी पाहिले असतील. तेही याच पाषाणातील.

आणि अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे, नाशिकची त्रिरश्मी लेणी हीसुद्धा त्याच लाव्हारसात कोरलेली. ज्या शिल्पींनी ती कोरली त्यांना पाषाणाचा थर कोठे जाड व एकसंध आहे, कोठे पोकळ आहे, याची जाण निश्चितच होती. त्यावाचून असे काम होत नाही. लेणे हे बांधलेले नसते, उरवलेले असते. त्यातील खांब, छत व भिंत एकाच अंगाचे अवयव असतात. त्यांत सांधा नसतो. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे किल्लारीच्या घरांविषयी बोलताना नेमका हाच फरक कामी येणार आहे.

मग हा ज्वालामुखी पुन्हा जागा होईल काय? हा प्रश्न वर्गात हमखास येतो, आणि तो यावाही. कोठे वीजवाहिनी तुटून जमीन भाजली, माती वितळून काचेसारखी झाली, की ‘लाव्हा निघाला’ अशी वार्ता पसरायला वेळ लागत नाही. वज्रेश्वरीसारख्या गरम पाण्याच्या झऱ्यांकडे बोट दाखवूनही अशीच शंका घेतली जाते. ते पाणी तापते कारण ते भेगांवाटे खोलवर जाऊन परत येते, आणि पृथ्वी खोलीबरोबर तापत जाते. त्यासाठी ज्वालामुखीची आवश्यकता नाही. दख्खनचा ज्वालामुखी निद्रिस्त नसून मृत आहे. त्याचे कारण भूपट्टांच्या हालचालीत आहे.

पृथ्वीचे बाह्य कठीण कवच अखंड नाही. ते लहानमोठ्या भूपट्टांत विभागलेले असून हे भूपट्ट खालच्या तप्त, अतिशय सावकाश वाहू शकणाऱ्या प्रावरणावरून सरकत असतात. आल्फ्रेड वेगेनर या जर्मन वैज्ञानिकाने १९१२ मध्ये खंडे सरकतात असे प्रतिपादन केले तेव्हा ती सरकतात कशी, हे त्यास समाधानकारकपणे सांगता आले नाही, आणि विद्वानांनी त्याचे म्हणणे दीर्घकाळ मानले नाही. पुढे महासागराच्या तळाचे मोजमाप झाले. समुद्रतळावरील पर्वतरांगांत नवे कवच निर्माण होऊन दोन्ही बाजूंस सरकते, आणि खोल गर्तांमध्ये जुने कवच खाली जाते, हे १९६० नंतरच्या दशकात स्पष्ट होत गेले. भूपट्टांचा सिद्धांत आजच्या स्वरूपात मांडला गेला तो १९६७-६८ च्या सुमारास, म्हणजे कोयनेची भूमी हादरली त्याच सुमारास.

आपला भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर या गतीने उत्तर-ईशान्येकडे सरकतो. आकडा लहान वाटतो. पाचवीत दाखल झालेला विद्यार्थी दहावी होऊन बाहेर पडतो तोवर सहा वर्षे होतात. तेवढ्यात ही शाळा, तिचे मैदान, शिर्डी गाव आणि अवघा देश एका फूटपट्टीइतका, तीस सेंटीमीटर, पुढे गेलेला असतो. ज्या तप्तस्थलावर असताना दख्खनचा लाव्हारस बाहेर पडला, ते तप्तस्थल मागे राहिले. आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरचा जागृत ज्वालामुखी त्याच तप्तस्थलाशी जोडला जातो, आणि ते बेट शिर्डीपासून सुमारे पाच हजार किलोमीटर दूर आहे. चूल तेथेच आहे, तवा पुढे सरकला आहे. भारतात जागृत ज्वालामुखी पाहावयाचा तर अंदमानातील बॅरन बेटावर जावे लागते. तेथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो, आणि दीर्घ शांततेनंतर १९९१ पासून त्या बेटावर पुन्हा उद्रेक होत आलेले आहेत.

ज्वालामुखीची चिंता अशी मिटली तरी भूकंपाची मिटत नाही. भारतीय भूपट्ट उत्तरेस युरेशियाच्या भूपट्टाला धडकतो. हिमालय त्या धडकेतून उभा राहिला व अजून उंचावत आहे. त्यामुळे मोठे भूकंप हिमालयाच्या पट्ट्यात होतात हे सर्वज्ञात आहे. परंतु गाडीचा पुढचा भाग भिंतीला टेकला आणि मागून रेटा चालूच राहिला, तर ताण साऱ्या गाडीच्या सांगाड्यात पसरतो. भूपट्टाचेही तसेच. त्याच्या अंतर्भागात कोट्यवधी वर्षांपूर्वीचे विभंग, म्हणजे तुटीच्या जुन्या रेषा, दडलेल्या आहेत. महाराष्ट्रात त्या लाव्हाच्या थरांनी झाकलेल्या असल्याने वरून दिसत नाहीत. ताण वाढत वाढत त्यांपैकी एखादीची सहनशक्ती संपते आणि खडक झटक्यात सरकतो. अशा जागी दोन धक्क्यांमध्ये हजारो वर्षेही जाऊ शकतात. म्हणून ‘आमच्याकडे आजवर कधी झाला नाही’ हे वाक्य भूगर्भशास्त्रात पुरावा ठरत नाही.

कोयनेच्या बाबतीत आणखी एक कारण घडले. कोयना धरणात १९६२ च्या सुमारास पाणी साठवण्यास आरंभ झाला आणि त्यानंतर परिसरात लहान धक्के जाणवू लागले. १९६७ च्या भूकंपाची तीव्रता ६.३ होती, १८० च्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली, कोयनानगरातील बहुसंख्य घरे पडली, धरणाच्या भिंतीला तडे गेले. ती भिंत उभी राहिली आणि पुढे अधिक मजबूत करण्यात आली, हे मोठेच भाग्य. जलाशयाचे वजन आणि भेगांतून खोलवर झिरपणारे पाणी यांमुळे, आधीच ताणलेला विभंग सरकण्यास निमित्त मिळाले, असे मानले जाते. धरणाने भूकंपाची शक्ती निर्माण केली नाही; साठलेल्या शक्तीला वाट दिली, हा भेद समजून घ्यावा. जगभर जलाशयामुळे उद्भवलेल्या भूकंपांचा अभ्यास करणारे कोयनेचे उदाहरण प्रथम घेतात, आणि तेथील धक्के अजूनही थांबलेले नाहीत. कऱ्हाड येथे यासाठी केंद्र शासनाच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. तिच्या वतीने कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल विवर खोदण्यात आले. सुमारे सव्वा किलोमीटर खोलीपर्यंत लाव्हाचा पाषाण लागला. त्याखाली ग्रॅनाइटी खडक. भूकंप उगम पावतात ते या खालच्या खडकात. किल्लारी येथे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने खोदलेल्या विवरात लाव्हाच्या थरांची जाडी अवघी ३३८ मीटर भरली.

किल्लारीचा भूकंप तीव्रतेने कोयनेइतकाच, ६.२ चा. मृतांची संख्या मात्र अधिकृत नोंदीनुसार जवळपास आठ हजार. सुमारे सोळा हजार जखमी झाले. औसा तालुक्यातील किल्लारी, तळणी, मंगरूळ. उस्मानाबाद जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या धाराशिवमधील, सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावे काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. एकाच तीव्रतेच्या दोन भूकंपांत एवढा फरक का पडावा? वस्तीची दाटी हे एक कारण. दुसरे आणि आमच्या मते अधिक महत्त्वाचे कारण त्या प्रदेशातील घरांच्या रचनेत होते.

मराठवाड्यातील त्या जुन्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट, कोठे तीन फूटही जाड. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत अशी आपल्याकडे समजूत आहे. प्रत्यक्षात ती एक भिंत नसून दोन असत. बाहेरच्या बाजूस दगडांची एक रांग, आतल्या बाजूस दुसरी, आणि मधल्या पोकळीत दगडगोट्यांची व मातीची भर. दोन्ही रांगांना एकत्र धरून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड क्वचितच घातलेले. दगड गोल व अनघड, सांध्यात चुन्याऐवजी माती. वर लाकडी कड्यांवर माळवद. उन्हाळ्यात गारवा राहावा आणि पावसाळ्यात गळू नये म्हणून वर्षानुवर्षे मातीवर माती टाकत गेल्याने ते जडच जड झालेले. जमीन आडवी हादरताच बाहेरची रांग बाहेर पडली, आतली रांग आत. कित्येक घरांत लाकडी खांब व तुळया उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामधील माणसे भिंतीच्या दगडमातीखाली गेली. माती एवढी की अनेकांचा अंत मार लागून नव्हे तर श्वास कोंडून झाला. त्याच गावांत गवताने शाकारलेल्या हलक्या झोपड्या व लोखंडी सळईचा सांगाडा असलेली थोडी नवी घरे बऱ्याच अंशी उभी राहिली. ज्यांच्यापाशी भिंत बांधण्यापुरतेही धन नव्हते ते वाचले आणि ज्यांनी पिढ्यान् पिढ्या वाडा जाड करत नेला त्यांचे वाडे त्यांच्यावर कोसळले, ही वस्तुस्थिती वाचताना आजही मन सुन्न होते.

लेण्याचा पाषाण आणि किल्लारीच्या भिंतीचा पाषाण एकाच लाव्हारसाचा आहे. एकात सांधा नाही, दुसऱ्यात सांध्यावाचून काही नाही. पण भूकंपानंतर लोकांनी धसका घेतला तो दगडाचा. नव्या घरासाठी दगड नको, काँक्रीटच हवे, असा आग्रह सर्वत्र दिसला. तो मानवी दृष्ट्या समजण्याजोगा असला तरी शास्त्रीय दृष्ट्या अपुरा आहे. दगड सिमेंटमध्ये नीट बांधला, कोपरे गुंफले, ठरावीक अंतरावर आरपार दगड घातले, आणि दाराखिडक्यांच्या वरच्या पातळीवर घराला चोहोबाजूंनी सळईयुक्त काँक्रीटचा अखंड पट्टा दिला, तर दगडी घरही धक्का सोसते. पेटीला जशी लोखंडी पट्टी मारावी तसा हा पट्टा चारही भिंतींना एकत्र धरतो. उलट काँक्रीटचे घरही, रेती-सिमेंटचे प्रमाण चुकले, सळयांभोवतीच्या रिंगा विरळ टाकल्या व त्यांचे आकडे आत वळवले नाहीत, तर सापळाच ठरते.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. इतर हजाराहून अधिक गावांत जुन्या घरांची दुरुस्ती व बळकटी करण्याचे काम निघाले. या दुसऱ्या कामाची चर्चा कमी होते, पण शिकण्यासारखे तेथेच अधिक आहे. घरमालकाने स्वतः उभे राहून काम करून घ्यावयाचे, अभियंत्याने मार्गदर्शन करावयाचे, आणि दोहोंमधील दुवा म्हणून गावातील महिलांना ‘संवाद सहायक’ नेमावयाचे, अशी योजना होती. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने त्यात पुढाकार घेतला. आरपार दगड म्हणजे काय आणि पट्टा कशासाठी, हे ज्या महिलांनी शेजारणींना समजावले त्यांपैकी बहुतेकींनी अभियांत्रिकीचे पुस्तक हाती धरलेले नव्हते. निवासी शाळेच्या स्मरणिकेत आणखी एका गोष्टीचा उल्लेख केलाच पाहिजे. भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना भारतीय जैन संघटनेने पुण्यास नेले आणि त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. छप्पर कोसळल्याने पोरकी झालेली मुले पुन्हा एका छपराखाली आणताना ते छप्पर कसे असावे, हा विचार त्या वेळी करणाऱ्यांच्या मनात किती खोल गेला असेल!

भूकंपाचे पूर्वकथन करता येत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये अनेक लहान धक्के बसले होते. पण लहान धक्क्यांच्या अशा मालिका पुष्कळ ठिकाणी येतात आणि मोठा भूकंप न होता विरून जातात. १९८३ मध्ये भातसा धरणाच्या परिसरात, २०१८ पासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे असे धक्के मोजले गेले आहेत. कोणती मालिका विरणार व कोणती भडकणार हे आधी ओळखण्याचे साधन आज जगात कोणापाशी नाही. चीनमध्ये १९७५ साली हाइचेंग येथे लहान धक्के ओळखून लोकांना बाहेर काढण्यात आले व असंख्य प्राण वाचले. पुढच्याच वर्षी तांगशान येथे, पुन्हा पहाटेच, पूर्वसूचनेवाचून भूकंप झाला आणि अधिकृत आकड्यानुसारही सुमारे दोन लाख चाळीस हजार माणसे गेली. अमुक तारखेला अमुक वाजता भूकंप होणार, असा संदेश भ्रमणध्वनीवर आला तर तो असत्य आहे असे निःशंकपणे समजावे. ज्वालामुखीची गोष्ट वेगळी. तो सहसा आधी बोलतो : जमीन फुगते, लहान कंप वाढतात, वायू निघतात. फिलिपिन्समधील पिनातुबोच्या १९९१ च्या उद्रेकापूर्वी ही भाषा ओळखून हजारो लोकांना हलवण्यात आले. कोलंबियात १९८५ मध्ये धोक्याचा नकाशा हाती असूनही आर्मेरो नगर रिकामे केले गेले नाही, आणि चिखलाच्या लोंढ्याखाली तेवीस हजारांच्या आसपास माणसे गाडली गेली.

पूर्वकथन आणि पूर्वसूचना यांत मात्र गल्लत करू नये. धक्का सुरू झाल्यावर प्रथम वेगवान प्राथमिक लहरी येतात, त्या फारशी हानी करीत नाहीत. मागून संथ पण जोरकस दुय्यम लहरी येतात. कोयना येथून शिर्डी सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. तेथे उगम पावलेल्या धक्क्याच्या या दोन लहरींत शिर्डीस सुमारे अर्ध्या मिनिटाचे अंतर पडेल. जपानमध्ये या अंतराचा उपयोग करून भोंगे वाजवतात, आगगाड्या थांबवतात. धक्क्याचा उगम पायाखालीच असेल तर मात्र ही सवड मिळत नाही. किल्लारीत ती असण्याचा प्रश्नच नव्हता.

आता शिर्डीकडे वळू. कोयना वा किल्लारीसारखा भूकंप येथे झाल्याची नोंद नाही, आणि वाचकांना उगाच भय घालण्याचा आमचा हेतू नाही. पण किल्लारीदेखील १९९३ च्या अधिकृत नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते. तो सर्वांत खालचा पट्टाच २००२ च्या सुधारणेत काढून टाकण्यात आला. कोयना परिसर चौथ्या पट्ट्यात आहे. शिर्डीच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षणीय वाटतात. एक म्हणजे काळी माती. मऊ व जाड मातीच्या थरात भूकंपलहरींची हेलकावणी वाढते, आणि पाया मुरमापर्यंत न नेता मातीतच ठेवला तर भूकंपावाचूनही भिंतींना तडे जातात हे येथील प्रत्येक गवंडी जाणतो. दुसरी म्हणजे भाविकांसाठी झपाट्याने उभ्या राहिलेल्या बहुमजली इमारती. खाली वाहनतळासाठी नुसते खांब आणि वर भिंतींनी भरलेले मजले, ही रचना भूकंपात सर्वांत दुबळी. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात अपिकेंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच कित्येक इमारती तळमजल्यावर बसल्या. अर्थात तो भूकंप ७.७ चा होता. तीव्रता एका अंकाने वाढली की मुक्त होणारी शक्ती सुमारे ३२ पट होते, हे विसरून तुलना करू नये. शिवाय येथे मुक्कामाला असलेल्या यात्रेकरूला जिना कोठे व बाहेरची वाट कोठे हे माहीत नसते. गर्दीच्या दिवशी साध्या धक्क्यापेक्षा ‘पळा’ ही एक हाक अधिक घातक ठरू शकते.

त्याच कच्छ भूकंपातील अंजारची घटना शाळांनी विशेष अभ्यासावी. प्रजासत्ताक दिनाची फेरी काढून विद्यार्थी गावातून चालले होते. सकाळचे पावणेनऊ वाजले होते. मुले छपराखाली नव्हती, मोकळ्या हवेत होती. पण गल्ली अरुंद होती, आणि दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर कोसळली. १८५ विद्यार्थी व २० शिक्षक गेले. बाहेर असणे आणि मोकळ्यावर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शाळेच्या आवारात जमण्याची जागा ठरवताना कुंपणाची भिंत, उंच पाण्याची टाकी, विजेचे खांब आणि जुनी झाडे यांपासून ती किती दूर आहे, हे पावले मोजून पाहावे लागते ते यासाठी.

वसतिगृहाच्या रात्रीसंबंधी काही गोष्टी सांगून आम्ही लेखणी खाली ठेवतो. दिवसाच्या सरावात मुलांना शिकवले जाते : खाली बसा, डोके झाका, टेबलाचा पाय घट्ट धरा. काँक्रीटच्या इमारतीत हे योग्यच. धक्का चालू असताना जिन्याकडे धावू नये. मातीच्या सांध्याच्या दगडी घरात दार दोन पावलांवर असेल तर मात्र बाहेर पडणेच हिताचे, आणि सुटीत गावी जाणाऱ्या मुलांना हा भेद ठाऊक असला पाहिजे. पण रात्री टेबल नसते. पलंगावर असलेल्या मुलाने तेथेच पालथे होऊन उशीने डोके व मान झाकावी. पलंगाच्या उशाशी पुस्तकांची फळी, जड पेटी किंवा काचेची तावदाने असू नयेत. लोखंडी कपाटे भिंतीला पक्की आवळावीत. चपला पलंगाखाली एका ठरलेल्या जागी असाव्यात, कारण हादरा थांबल्यावर वीज गेलेली असेल आणि जमिनीवर काच असेल. खोलीचे दार बाहेर उघडणारे असावे आणि रात्री त्याला बाहेरून कुलूप कदापि नसावे. व्हरांड्यात रचून ठेवलेल्या ट्रंका दिवसा अडचण वाटत नाहीत, अंधारात शंभर मुलांना त्या अडवतात. गच्चीवरील पाण्याच्या टाक्या व कठडे वर्षातून एकदा तरी जाणत्या अभियंत्याकडून तपासून घ्यावेत. स्वयंपाकघरातील सिलिंडर बंद करण्याचे काम कोणाचे, हे नाव घेऊन ठरलेले असावे.

सराव दिवसा पुष्कळ होतात. वर्षातून निदान दोनदा तो पहाटे चारला, दिवे न लावता, घ्यावा असे आमचे मत आहे. लहानग्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावे, नाहीतर भीतीच शिकवली जाईल. प्रत्येक खोलीतील मोठ्या विद्यार्थ्याकडे एक विजेरी व खोलीतील मुलांच्या नावांची यादी असावी. मैदानावर हजेरी घेताना आजारी म्हणून वेगळ्या खोलीत झोपवलेले मूल, मुक्कामास आलेले पालक, आचारी, मदतनीस बाई व रात्रपहारेकरी यांचीही मोजणी व्हावी. पहिल्या धक्क्यानंतर तासन् तास उपधक्के येत राहतात, म्हणून अंथरूण वा दप्तर आणण्यासाठी कोणासही परत आत सोडू नये. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, आणीबाणीचा ११२ व रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक कार्यालयातील कुलूपबंद फळ्यावर लिहून भागत नाही. ते व्हरांड्याच्या भिंतीवर, विजेरीच्या उजेडात वाचता येतील एवढ्या ठसठशीत अक्षरांत रंगवलेले असावेत, आणि हजेरीची यादी प्रवेश वा सुटी यांमुळे बदलेल त्याच दिवशी संध्याकाळच्या प्रार्थनेपूर्वी दुरुस्त केलेली असावी.